पाणी मळईवर येत नाही

क्रेगबेग, आर्डी नदी
२८ नोव्हेंबर १९५४

प्रिय इशबेल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्याच टपालानं लॅकलनच्या नावाचं पाकीट आलं ते माझ्या पाकिटाच्या तिप्पट जाड होतं. मी दाबून पाहिलं. सख्ख्या भावाला एक पान आणि नदीपलीकडच्या त्या म्हाताऱ्याला सहा! पोस्टमन म्हणाला, "फार्कर, हे पण तुझ्याकडेच ठेव. त्या झुलत्या पुलावरून जायची आज माझी छाती नाही." मग मीच घेऊन गेलो.

लॅकलन स्वयंपाकघरात हिरवा रंग कालवत बसला होता. नाकावर रंग, मिशीवर रंग. मी म्हटलं, "भिंत रंगवतोयस का स्वतःला?" तर म्हणाला, "भिंतीला निदान गप्प राहता येतं." पाकीट हातात घेतलं आणि चोरून धरलेला मासा लपवावा तसं कोटाच्या आत सारलं. माझ्यासमोर उघडलं नाही. त्रेसष्ट वर्षांचा घोडा आणि कान लाल!

इकडे पाहुण्यांना नदीवर सॅमन मासे धरायला नेण्याचा हंगाम संपून दीड महिना झाला. बोटी वर ओढून उपड्या केल्या, पाहुण्यांच्या झोपडीची दारं ठोकून बंद केली. आता नदी आमची. म्हणजे खरी सॅमनची. पाद्र्याच्या डोहाच्या शेपटाशी, उथळ पाण्यात, माद्या शेपट्यांनी गोटे उकरून अंडी घालतायत. लॅकलन आणि मी तासभर काठावर उभं राहून खड्डे मोजले. तो म्हणे एकेचाळीस, मी म्हणे सेहेचाळीस. शेवटी दोघांनी भांडून त्रेचाळीसवर तडजोड केली. त्याचे डोळे अधू झालेत, आधीच सांगून ठेवतो. एप्रिलमध्ये बंदरावर तुला सोडून भलत्याच बाईची पेटी उचलेल.

अकरा दिवस पाऊस आहे. पण नदी शहाण्यासारखी वागतेय, काठ सोडलेला नाही. घरच्या कारभारणीनं, नॅननं, तुझ्यासाठी घोंगड्या आत्तापासूनच वाळत घातल्यात. वाळत काही नाहीत, पण घातल्यात.

एकतीस वर्षांपूर्वी तू ह्यूचा हात धरून कॅनडाला निघालीस, तेव्हा लॅकलन पुलावर उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता. मी त्याला गाढव म्हणालो होतो. ह्यू भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता ह्यूच्या माघारी तुझं आणि लॅकलनचं हे जे जमलंय, त्यानं मला बरं वाटतं. दोन्ही काठ एका घरात आल्यासारखं.

तुझा,
फार्कर

*

हॅमिल्टन, ऑन्टारियो
८ डिसेंबर १९५४

प्रिय फार्कर,

जाड पाकीट दाबून बघणारा भाऊ मला देवानं दिला, तक्रार कुणाकडे करू? त्या सहा पानांतली चार तर पडद्यांबद्दल होती. लॅकलननं विचारलं होतं, स्वयंपाकघराला कुठला रंग लावू. मी लिहिलं, पिवळा. आणि तो हिरवा लावतोय? विचार त्याला.

खरं तर रंगाची एवढी यातायात कशाला, असं मी त्याला लिहिलंही. पाच-सहा महिन्यांसाठीच तर राहायचं तिथे. नेर्नचं तुला त्यानं सांगितलंच असेल. त्याची पुतणी चिर्स्टी तिथे असते, तिच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या होतायत. पुढचा हंगाम संपला की तो तुमच्या मालकाला, कर्नलसाहेबांना, सांगून काम सोडणार आणि आम्ही समुद्राकाठी जाणार. त्याच्या गुडघ्यांनी आता थंड पाण्यात उभं राहणं पुरे झालं. आणि मला नदीच्या शेजारी झोप येणार नाही, फार्कर. तुला ते लहानपणीचं हसण्यावारी न्यायची सवय आहे. वडिलांनी आपल्याला पोटमाळ्यावर चढवलं होतं, खाली टेबल तरंगत होतं आणि आई कोंबड्यांना हाका मारत होती. तू सात वर्षांचा होतास, तुला मजा वाटली. मी तीन वर्षांची, पण तो वास अजून माझ्या नाकात आहे. आणि ते घर म्हणजे आत्ताचं लॅकलनचंच घर. मळईवरचं, नदीकाठच्या त्या सपाट गाळाच्या जमिनीवरचं.

म्हणून एक काम कर. त्याच्या मागच्या टेकाडावर शिकारी राखणदाराचं घर रिकामं आहे ना? हिवाळाभर लॅकलनला तिथे राहायला लाव. मी सांगितलं तर हसतो. तू सांगितलंस तर ऐकेल. पाण्याच्या बाबतीत तो तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, देवाचंसुद्धा नाही.

नॅनला म्हणावं, घोंगड्या आत घे.

तुझी,
इशबेल

*

क्रेगबेग
१८ डिसेंबर १९५४

इशबेल,

पत्र काल मिळालं. नेर्नचं मला लॅकलननं सांगितलं नव्हतं. तुझ्या पत्रातूनच कळलं.

असो. तुम्ही कुठे राहायचं तो तुमचा प्रश्न. काल दुपारी मी त्याच्याकडे गेलो होतो. म्हटलं, "नेर्नला चाललास म्हणे."

"सांगणार होतो रे."

"कधी? सामान गाडीत चढवल्यावर?"

"तुला काही सांगायला बसलं की तू माशांबद्दल बोलायला लागतोस."

"चाळीस वर्षं आपण दुसरं काय बोललो?"

त्यावर त्यानं केटली ठेवली. चहा दिला. हिरव्या रंगाचं म्हणशील तर तो म्हणतो, दुकानात पिवळा नव्हता.

मोठं पाणी येऊन गेलं. सोमवारपासून बुधवारपर्यंत पश्चिमेचा वारा असा सुटला होता की दार उघडायला दोघं लागायचो. नदी तपकिरी झाली, आख्खी झाडं मुळांसकट वाहत आली. घोडीच्या डोहात एक मेलेली मेंढी गोल गोल फिरत होती, दोन दिवस तीच मेंढी. मी तिन्ही दिवस काठावर होतो. पाणी मळईच्या कडेपर्यंत आलं, एक हात खाली थांबलं आणि उतरलं. जसं नेहमी थांबतं तसंच. आता डोंगरावर बर्फ पडतंय, थंडी धरली की नदी गप्प होईल.

तू म्हणतेस ते लहानपणीचं पाणी नदीचं नव्हतंच. मागचा ओढा तुंबला होता आणि तो फुटला. मी सातशे वेळा सांगितलंय. ओढ्याला नंतर पाट काढून दिलाय. आर्डीचं पाणी मळईवर येत नाही. माझे वडील इथेच होते, त्यांचे वडीलही होते. मी हे पाणी वाचत आलोय, तू हॅमिल्टनमध्ये बसून वाचू नकोस.

तरी तुझा निरोप मी त्याला दिला. वर राहायला जा म्हणते इशबेल, असं सांगितलं. त्यानं विचारलं, "तुला काय वाटतं?" मला जे वाटतं ते मी सांगितलं.

नाताळच्या शुभेच्छा.

फार्कर

*

हॅमिल्टन
२ जानेवारी १९५५

प्रिय फार्कर,

नवीन वर्ष सुखाचं जावो. तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि मग तुझा रागही आला, आणि मग पुन्हा रडू. लॅकलननं तुला सांगितलं नव्हतं हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी असं सहज लिहून टाकलं नसतं. तुझ्यासाठी तो काय आहे ते मला कळत नाही का? लग्नाच्या बायकोलाही माहीत नसतील इतक्या गोष्टी तुम्हाला एकमेकांच्या माहीत आहेत. पण रेल्वेनं नेर्न किती लांब आहे? तू दर रविवारी ये. नॅनला घेऊन ये. समुद्रात पण मासे असतात.

त्याचंही पत्र आलं, वीस तारखेचं. त्यानं लिहिलंय ते तसंच्या तसं उतरवते, म्हणजे तुला कळेल: "फार्कर माझ्यावर रुसलाय. बोलतो, पण वर बघत नाही. मी आधी सांगायला हवं होतं, ही माझी चूक. घर हलवण्याचं तू लिहिलंस ते खरं, पण फार्कर म्हणतो पाणी येणार नाही, म्हणजे येणार नाही. मी त्याच्या शब्दावर तीस वर्षं बोटी सोडल्यात."

वाचून मला जरा धीर आला. तू आमच्यावर चिडला असलास तरी पाण्याच्या बाबतीत चिडून बोलणार नाहीस.

तिकीट काढलं. १४ एप्रिलला जहाज सुटतं. हातातलं काम महिनाअखेर सोडते आहे.

पण काल शेजारच्या बाईनं वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी दाखवली, स्कॉटलंडच्या उत्तरेला बर्फ वितळून पूर आले म्हणून. नद्यांची नावं नाहीत. तुमच्याकडे सगळं ठीक ना? ठीक नसतं तर तू तार केली असतीस. तरी दोन ओळी लगेच टाक.

तुझी,
इशबेल

*

क्रेगबेग
११ जानेवारी १९५५

प्रिय इशबेल,

पत्र मिळालं. टपाल आता इन्व्हरार्डीहून चालत येतं, रस्ता दोन ठिकाणी तुटलाय. म्हणून उशीर.

पूर आला. २९ डिसेंबरला सकाळी. आदल्या दिवशी एकदम हवा उबदार झाली, मे महिन्यासारखी. वरून पाऊस. डोंगरावरचं सगळं बर्फ एकाच वेळी सुटलं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनीही पाहिलं नसावं.

झुलता पूल गेला. पाहुण्यांची झोपडी गेली. चारही बोटी गेल्या, एक सापडली, एका शेतात, काठापासून दोन फर्लांगावर, तिच्यात गाळ भरलेला. एल्डरच्या झाडांची ती रांग आठवते तुला? नाही राहिली. घोडीच्या डोहातून नदी निघाली आणि सरळ मळई कापून पलीकडून वाहायला लागली. आता जुन्या पात्रात नुसता चिखल आहे आणि त्यात कावळे चालतात.

पाद्र्याचा डोह गोट्यांनी भरला. अठरा फूट खोल होता, आता गुडघाभर. आम्ही मोजलेले ते सगळे खड्डे खरवडून निघाले. अंडी गेली. या पाण्यातून चार-पाच वर्षांनी जे मासे परत यायचे ते आता येणारच नाहीत, कारण ते जन्मलेलेच नाहीत. मी रोज काठावर जातो आणि काय करायचं ते कळत नाही म्हणून परत येतो.

कर्नलसाहेब एडिंबरोहून आले होते. म्हणाले, "फार्कर, फेब्रुवारीत पाहुणे येतील. त्यांना काय दाखवशील?" मी म्हटलं, "गोटे, साहेब." ते हसले नाहीत. बूट चिखलात रुतले म्हणून मीच त्यांना हात दिला. जाताना म्हणाले, बीट, म्हणजे नदीचा हा मासेमारीचा पट्टा, चालवायचा की बंद करायचा ते ठरवावं लागेल.

लॅकलनचं घर गेलं. पूर्ण गेलं, चूल तेवढी उभी आहे. लोक पोचले तेव्हा लॅकलन घरात नव्हता. त्याची घोडी वाचली, वर टेकाडावर चरताना मिळाली.

नॅन बरी आहे. ती तुझी आठवण काढते.

फार्कर

*

हॅमिल्टन
२१ जानेवारी १९५५

प्रिय फार्कर,

तुझं पत्र उघडलं तेव्हा उभी होते, "घरात नव्हता" हे वाचलं आणि खुर्चीत बसले. देवा! चूल सोडून काही उरलं नाही म्हणतोस आणि तो घरात नव्हता. शेवटी गेला ना वर राहायला! मला वाटलंच होतं, तू रुसलास तरी शेवटच्या घडीला त्याला हुसकावून लावशील. तुझे उपकार मी कसे फेडू?

पण आता तो आहे कुठे? वरच्या घरात की चिर्स्टीकडे? त्याचं पत्र नाही. वीस डिसेंबरनंतर एक अक्षर नाही. दर आठवड्याला लिहिणारा माणूस. आधी वाटलं टपालाचा घोळ, पण तुझं आलं ना. मग त्याचं का नाही?

मी काय समजायचं ते समजले आहे. तू नाही सांगितलंस तरी. त्याला वाटतंय, आता आपल्याकडे काहीच नाही, घर नाही, रंगवलेली भिंत नाही, बीट बंद झालं तर कामही नाही, मग इशबेलला कुठल्या तोंडानं बोलवू? तो असाच आहे. एकतीस वर्षांपूर्वीही त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून तो पुलावर गप्प उभा राहिला. तुला वाटतं गाढव होता. गाढव नव्हता रे, लाजत होता. या वेळी मी त्याला लाजू देणार नाही.

सोबत त्याच्या नावाचं पाकीट ठेवलंय. टपालात टाकू नकोस. त्याच्या हातात दे आणि तो वाचेपर्यंत समोर उभा राहा. कोटात लपवू देऊ नकोस. आणि तोंडानंही सांग, इशबेल म्हणते, मला घर नको, पडदे नकोत, मी स्टुलावर बसून राहीन.

तुझ्या अंड्यांचं वाचून फार वाईट वाटलं. तुला काय वाटत असेल ते मला कळतं. पण माणसं वाचली, फार्कर. नदीला पुन्हा मासे येतील.

तुझी,
इशबेल

*

क्रेगबेग
३० जानेवारी १९५५

प्रिय इशबेल,

मी नॅन. मी पत्रं फारशी लिहीत नाही, तुला माहीत आहे. चुकलं तर सांभाळून घे.

तुझं पाकीट काल आलं. फार्करनं पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवून बाहेर गेला. संध्याकाळ झाली तरी आला नाही, म्हणून मी ते वाचलं. इशबेल, मला वाटत होतं त्यानं तुला कधीच कळवलं. मी त्याला विचारलं होतं, तार केलीस का, तर हो म्हणून मान हलवली. मी पुन्हा विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं.

लॅकलन गेला. २९ डिसेंबरला, पुरातच. तो घोडीला सोडायला गोठ्यात गेला होता. घोडी सुटली, तो नाही. सोळा दिवसांनी, १४ जानेवारीला, नदी समुद्राला मिळते तिथल्या चिखलात सापडला. १८ तारखेला त्याला इन्व्हरार्डीच्या चर्चमागे पुरलं. चिर्स्टी आली होती. खूप लोक होते. फार्करनं खांदा दिला. चिर्स्टी म्हणाली, तिला तुझा पत्ता माहीत नव्हता आणि फार्कर म्हणाला मी कळवतो.

तुला हे असं माझ्या हातून कळावं हे बरोबर नाही. पण तू तिथे पडद्यांचा विचार करत बसली असशील, ते माझ्यानं सहन होईना.

फार्करला मी सांगितलंय की मी तुला लिहितेय. तो म्हणाला, लिही. मग म्हणाला, मलाही लिहायचंय. तो जेवत नाही. मी त्याची बाजू घेत नाहीये, फक्त सांगतेय.

लॅकलनच्या नावाचं पाकीट मी उघडलेलं नाही. माझ्या शिवणाच्या पेटीत आहे. काय करू ते सांग.

नॅन

*

क्रेगबेग
२ फेब्रुवारी १९५५

इशबेल,

नॅननं लिहिलंय ते खरं आहे. पण नॅनला सगळं माहीत नाही. कुणालाच नाही. कर्नलसाहेबांना नाही, पोलिसांना नाही, पाद्र्याला नाही. तुला सांगतो.

२८ तारखेला सकाळी हवा उबदार झाली तेव्हा मी पूल ओलांडून पलीकडे गेलो, लॅकलनच्या काठावरच्या दोन बोटी जरा वर ओढायला. पाहतो तर घराच्या दारात छकडा उभा, त्याला घोडी जुंपलेली. छकड्यात गादी, दोन खुर्च्या, भांड्यांची टोपली, आणि तुझ्या पत्रांची ती टिनाची पेटी. तो वरच्या घराकडे निघाला होता. तू सांगितलंस म्हणून नाही, त्याला स्वतःला वाटलं म्हणून. म्हणाला, "फार्कर, ही हवा मला आवडत नाही. डोंगराकडे बघ."

मी डोंगराकडे बघितलं नाही. मी छकड्याकडे बघितलं. मी काय म्हणालो ते शब्दाशब्दानं लिहितो, म्हणजे मला नंतर बदलता येणार नाही.

मी म्हणालो, "इशबेल यायच्या आधीच इशबेलच्या पदराखाली शिरलास काय?"

तो म्हणाला, "फार्कर, चेष्टा नको. तू बघ आणि सांग."

मी म्हणालो, "चाळीस वर्षं पाण्यात काढली आणि आता थेंब पडला की गादी उचलतोस. जा, जा. नेर्नला जा. तिथे म्हाताऱ्या बायका बाकावर बसून समुद्र बघतात, त्यांच्यात तुला जागा होईल."

त्याचे दोन्ही कान लाल झाले. त्यानं विचारलं, "पाणी येईल की नाही, तेवढं सांग."

मी नदीकडे एकदा पाहिलं. इतकंच, जाता जाता. म्हणालो, "मळईवर पाणी येत नाही."

तो छकड्याकडे वळला. मग एक खुर्ची उतरवली. मग दुसरी. गादीच्या दुसऱ्या टोकाला मी हात लावला, इशबेल. मी त्याला सामान आत न्यायला मदत केली. आम्ही दोघांनी मिळून गादी पलंगावर टाकली. मी जिंकल्यासारखा घरी आलो. पुलावर शिट्टी वाजवत होतो, हे मला आठवतं.

मला पाणी कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. असं पाणी कुणालाच कळलं नसतं, असं लोकही म्हणतात. ते खोटं आहे. त्याला कळलं होतं. मी नीट बघितलं असतं तर मलाही कळलं असतं. वारा दक्षिणेचा होता आणि डोंगरावरचं बर्फ सकाळपासून करडं पडायला लागलं होतं. ते शिकाऊ माणसालाही कळतं. मी बघितलं नाही, कारण मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. वरच्या घरात नाही, नेर्नला नाही, तुझ्याकडेही नाही. त्यानं मळईवरच राहावं, समोरच्या काठावर, माझ्या नजरेसमोर, आणि मी हात वर केला की त्यानंही करावा, इतकंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पूल गेला. मी या काठावर होतो. पाणी त्याच्या दारात होतं, मग खिडकीत. नऊच्या सुमारास तो मागच्या दारानं बाहेर आला, कमरेपर्यंत पाण्यात. तेव्हाही तो टेकाडाकडे जाऊ शकला असता. तो गोठ्याकडे गेला. मी ओरडत होतो. त्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. घोडी बाहेर आली, पोहत टेकाडाकडे गेली. तो गोठ्याच्या दारात दिसला, चौकटीला धरून. मग भिंत बसली.

त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिथे उभा आहे हे त्याला माहीत होतं. मी तिथे नाही असं कधी झालंच नव्हतं. पण पाहिलं नाही.

"घरात नव्हता" हे मी अकरा तारखेला लिहिलं, तेव्हा तो सापडला नव्हता. वाक्य खरं होतं. तू त्याचा काय अर्थ लावशील ते मला माहीत होतं. लावावास असंच मला वाटत होतं. आणखी काही दिवस तरी कुणीतरी कुठेतरी त्याला जिवंत समजावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तू मला उपकार फेडण्याचं लिहिलंस. ते वाचल्यावर मी घरात थांबू शकलो नाही.

कर्नलसाहेबांना काम सोडतो म्हणून कळवलंय. त्यांनी उलट लिहिलं, तुझी काय चूक, पाण्यापुढे कुणाचं चालतं.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही.

फार्कर

*

हॅमिल्टन
२२ फेब्रुवारी १९५५

फार्कर,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. कुठलं आधी उघडावं ते मला कळलं नाही. नॅनचं अक्षर पाहून वाटलं, तुला काही झालं. तेच आधी उघडलं.

दहा दिवस झाले. मी कामावर जाते. दुसरं काय करायचं ते सुचत नाही म्हणून जाते. नोकरी सोडते म्हणून सांगितलं होतं, ती परत मागितली नाही, पण नवीन बाई अजून आलेली नाही. शेजारची बाई सूप आणून देते. मी पिते.

तू शब्दाशब्दानं लिहिलंस ते बरं केलंस. त्याबद्दल तुझा राग नाही. मला माझाही राग येतो. नेर्नचं मी लिहिलं नसतं तर तू त्या दिवशी डोंगराकडे पाहिलं असतंस. हे मी तुझं ओझं हलकं करायला लिहीत नाही. ते हलकं व्हावं असं मला आज वाटत नाही. हे माझं वेगळं आहे, मी ते इथे ठेवते.

तू एक गोष्ट चुकीची समजलास. तो तुझ्याकडे पाहायचा थांबला नव्हता. त्याच्या प्रत्येक पत्रात तू होतास. नेर्नच्या त्या दोन खोल्यांपैकी एकीत तुझ्यासाठी पलंग टाकायचा असं त्यानं मला लिहिलं होतं. रुसवा गेला की सांगू म्हणाला, आत्ता सांगितलं तर नाही म्हणेल. हे तुला कळावं की नाही यावर मी चार दिवस विचार केला. कळून तुला सुख होणार नाही. पण ते त्याचं बोलणं आहे, माझं नाही, म्हणून मी ते माझ्याजवळ ठेवू शकत नाही.

नॅनला सांग, माझं पाकीट जाळू नको आणि उघडूही नको. मी आल्यावर घेईन.

मी येते आहे. तिकीट रद्द करायला कचेरीत गेले होते. रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला, आणि मी त्या बाईला म्हटलं, काही नाही, वेळ विचारायची होती. चिर्स्टीला तार केली होती, तिची उलट तार आली, माझ्याकडे राहा म्हणते. त्याची कबर पाहिल्याशिवाय मला तो गेला असं वाटणार नाही, इतक्या लांबून तो फक्त पत्र न लिहिणारा माणूस आहे.

तुला माफ केलं असं मी लिहून पाहिलं, फार्कर. ते पान फाडलं. मग कधीच माफ करणार नाही असं लिहिलं, तेही फाडलं. दोन्ही खोटं वाटलं. म्हणून फक्त तारीख लिहिते.

जहाज २२ एप्रिलला सकाळी ग्रीनॉकला लागेल. नॅनला पाठव.

इशबेल